मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा सर्दी-खोकला: धोका कसा ओळखावा आणि पहिल्या दोन दिवसांत काय करावे

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीच्या घरात ‘सर्दीच तर आहे, दोन दिवसांत जाईल’ हे वाक्य कोणी उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाक्य बहुतेक वेळा खरेही ठरते. पण ज्या वेळी ते खोटे ठरते, त्या वेळी हातातून गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. आणि श्वसनमार्गाच्या विषाणूंवर जी थोडी औषधे उपलब्ध आहेत, ती नेमकी याच दोन दिवसांत सर्वांत चांगली लागू पडतात. या लेखात सांगितलेल्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती रचलेल्या आहेत: तयारी बरे असताना करायची आणि लक्षण दिसताच आधी फोन करायचा, औषध नंतर.

धोका मुळात येतो कुठून?

नवे मूत्रपिंड शरीराच्या दृष्टीने परकेच असते. ते नाकारले जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये झाले होते आणि म्हणूनच त्या रुग्णाला अशा औषधांची गरज पडली नव्हती. इतर सर्वांना ती लागतात. टॅक्रोलिमस ज्या टी-पेशींना आवरते, त्याच टी-पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी शोधून नष्ट करतात. मायकोफिनोलेट लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची वाढ रोखते, त्यामुळे विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही (अँटिबॉडी) कमी तयार होतात. परिणामी जो विषाणू एरवी नाका-घशात आठवडाभर मुक्काम करून निघून जातो, तो प्रत्यारोपण झालेल्या शरीरात कित्येक आठवडे टिकू शकतो, फुप्फुसात उतरू शकतो आणि मागोमाग जिवाणूंचा किंवा ॲस्परजिलससारख्या बुरशीचा संसर्गही आणू शकतो.

हा धोका सर्वकाळ सारखा नसतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन ते सहा महिने सर्वांत नाजूक असतात, कारण तेव्हा औषधांच्या मात्रा सर्वांत जास्त असतात. रिजेक्शनवर, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्यावर, उपचार म्हणून शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड किंवा अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन हे टी-पेशी घटवणारे औषध दिले गेले असेल, तर घड्याळाचे काटे मागे फिरले असे समजावे. प्रत्यारोपणाला दहा वर्षे झाली असली, तरी त्यानंतरचे काही महिने नव्या रुग्णासारखीच काळजी घ्यावी लागते. रक्तातील लिम्फोसाइट कमी असणे, मधुमेह, फुप्फुसाचा जुना आजार, धूम्रपान आणि वाढलेले वय यांनी धोका आणखी वाढतो.

कोणते विषाणू?

इन्फ्लुएंझा (फ्लू), कोरोना आणि आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हे तीन विषाणू सर्वांत जास्त लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या दोघांवर विषाणूविरोधी औषध आहे आणि तिघांवरही लस आहे. पॅराइन्फ्लुएंझा आणि मेटान्यूमोव्हायरस हे फारसे परिचित नसलेले विषाणूही न्यूमोनिया घडवू शकतात. ऱ्हायनोव्हायरस बहुधा साध्या सर्दीवर थांबतो. ॲडेनोव्हायरसचा मात्र वेगळा उल्लेख करायला हवा. तो घशापुरता राहत नाही. मूत्राशयाला आणि खुद्द प्रत्यारोपित मूत्रपिंडालाही त्याची लागण होऊ शकते. म्हणून ताप-खोकल्यासोबत लघवी लाल होऊ लागली किंवा लघवीला जळजळ सुरू झाली, तर ते दोन वेगळे आजार मानून बसू नये आणि डॉक्टरांना दोन्ही लक्षणे एकत्र सांगावीत.

पहिली पायरी: बरे असताना करायची तयारी

तयारीत सर्वांत वर लसीकरण येते. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. प्रत्यारोपणानंतर साधारण एक महिना उलटला की ही लस देता येते. इतर लसींसाठी बहुतेक केंद्रे तीन ते सहा महिने थांबतात. रिटुक्सिमॅबसारखे, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी घटवणारे औषध मिळाले असेल, तर प्रतिसाद अत्यंत क्षीण राहतो, त्यामुळे लसीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. लस निष्क्रिय विषाणूची, म्हणजे इंजेक्शनाने दिली जाणारीच हवी. नाकात फवारली जाणारी इन्फ्लुएंझाची लस जिवंत विषाणूची असते आणि ती प्रत्यारोपण झालेल्यांना चालत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या नेहमीच्या लसीही जिवंत असतात. त्या प्रत्यारोपणापूर्वी किमान चार आठवडे आधी पूर्ण कराव्या लागतात, म्हणून प्रतीक्षायादीत असलेल्यांनी हा विषय तेव्हाच काढावा.

न्यूमोकोकसची लस विषाणूवरची नाही, तरी ती या यादीत हवीच. इन्फ्लुएंझाने खिळखिळ्या केलेल्या फुप्फुसात शिरणारा हा नेहमीचा जिवाणू आहे. आरएसव्हीच्या लसी प्रौढांसाठी २०२३ पासून उपलब्ध होऊ लागल्या. त्या मुख्यतः वयस्कर आणि जास्त धोका असलेल्या व्यक्तींसाठी आहेत आणि प्रत्यारोपण झालेली व्यक्ती या दुसऱ्या गटात मोडते. कोरोनाच्या लसीच्या पुढच्या मात्रा आपल्याकडच्या प्रचलित शिफारशीनुसार घ्याव्यात.

लसीबद्दल दोन शंका नेहमी विचारल्या जातात. लसीमुळे रिजेक्शन होते का, ही पहिली. इन्फ्लुएंझाच्या लसीबाबत याचा बराच अभ्यास झाला असून लसीने रिजेक्शन वाढल्याचे आढळलेले नाही. उलट प्रत्यक्ष इन्फ्लुएंझा मूत्रपिंडाला नक्कीच त्रासदायक ठरतो. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना लस उपयोगी पडते का, ही दुसरी. निरोगी माणसापेक्षा कमी पडते, हे खरे आहे. पण ती आजाराची तीव्रता कमी करते, आणि रुग्णाला मिळालेल्या या अपुऱ्या संरक्षणामुळेच घरातल्या प्रत्येकाने लस घेणे महत्त्वाचे ठरते.

तयारीचा दुसरा भाग एका कागदावर मावतो. त्या कागदावर प्रत्यारोपणाची तारीख, सर्व औषधांची नावे आणि सध्याच्या मात्रा, शेवटचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारी रक्ततपासणी), टॅक्रोलिमसची शेवटची लेव्हल (रक्तातील प्रमाण), नेहमीचा रक्तदाब आणि वजन, औषधांची ॲलर्जी आणि प्रत्यारोपण केंद्राचा रात्री-अपरात्रीही लागणारा फोन क्रमांक लिहून ठेवावा. बरे असतानाचे ऑक्सिजनचे प्रमाणही ऑक्सिमीटरवर तीन-चार वेळा मोजून त्यात नोंदवावे. ज्याचे एरवीचे प्रमाण ९८ असते त्याचे ९५ आणि ज्याचे मुळातच ९५ असते त्याचे ९५, यांत फार फरक आहे.

दुसरी पायरी: घर आणि गर्दी

विषाणू बहुतेक वेळा घरातूनच येतो आणि बहुधा लहान मुलांकडून येतो. मुलांना दूर ठेवा, असा सल्ला मी देणार नाही. तो पाळला जात नाही आणि पाळावा असेही वाटत नाही. मात्र मुलाचे नाक वाहत असेल तेवढे दिवस एका ताटात जेवणे, एका उशीवर झोपणे आणि गालाला गाल लावणे थांबवावे. घरात कोणालाही लक्षणे असतील, तर त्या व्यक्तीने मास्क लावावा, शक्य असल्यास वेगळ्या खोलीत झोपावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रुग्णाने गर्दीच्या बंद जागी, विशेषतः दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, झडप नसलेला आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. नाकाखाली घसरलेल्या मास्कचा उपयोग नसतो.

हात धुण्याबाबत एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. इन्फ्लुएंझा, कोरोना आणि आरएसव्ही या विषाणूंवर स्निग्ध आवरण असते आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर ते सहज मोडतो. ॲडेनोव्हायरस आणि ऱ्हायनोव्हायरस यांच्यावर असे आवरण नसल्यामुळे सॅनिटायझरला ते तितकेसे दाद देत नाहीत. म्हणून घरी असताना साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणेच चांगले. सॅनिटायझर बाहेरच्या सोयीसाठी ठेवावा.

घरातल्या कोणाला इन्फ्लुएंझा असल्याचे तपासणीत निघाले, तर रुग्णाला लक्षणे नसतानाही केंद्राला कळवावे. संपर्क झाल्यावर प्रतिबंधासाठी ओसेल्टामिवीर हे इन्फ्लुएंझाविरोधी औषध देण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात, पण तो लवकर घेतला तरच उपयोगाचा असतो.

तिसरी पायरी: लक्षण ओळखणे

ताप येण्याची वाट पाहू नये. स्टेरॉइड आणि इतर औषधे तापाला दाबून ठेवतात, त्यामुळे फुप्फुसात न्यूमोनिया असूनही थर्मामीटर ९९ दाखवू शकतो. घशात खवखव, नाक गळणे, कोरडा खोकला, अंग मोडून येणे, अन्नावरची वासना जाणे, नेहमीचा जिना चढताना धाप लागणे, यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले की तो आजाराचा पहिला दिवस धरावा आणि तारीख-वेळ लिहून ठेवावी. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र दुसरे एकही लक्षण नसले तरी त्याच दिवशी संपर्क साधावा.

प्रत्येक खोकला विषाणूचाच असतो असेही नाही. हळूहळू वाढणारी धाप आणि कोरडा खोकला हे न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियाचे लक्षण असू शकते, विशेषतः तो टाळण्यासाठी दिलेली कोट्रायमॉक्साझोलची गोळी मध्येच बंद पडली असेल तर. सिरोलिमस आणि एव्हेरोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे स्वतःच फुप्फुसाला सूज आणू शकतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयाचा विचार करावाच लागतो. घरी बसून निदान करू नये, ते एवढ्याचसाठी.

चौथी पायरी: फोन, आणि तोही गोळी घेण्याआधी

फोनवर नेमके बोलले की निर्णय लवकर होतो. ‘बरे वाटत नाही’ यातून डॉक्टरांना काही कळत नाही. त्याऐवजी असे सांगावे: “माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन आठ महिने झाले आहेत. काल संध्याकाळपासून खोकला आणि अंगदुखी आहे. आज सकाळी ताप १०० होता, पॅरासिटामॉल घेतलेली नाही. ऑक्सिजन बसून ९७ आणि खोलीत चालल्यावर ९४ आहे. लघवी नेहमीपेक्षा कमी होते आहे. घरात मुलाला तीन दिवसांपासून सर्दी आहे.” एवढ्या माहितीवर समोरचा डॉक्टर स्वॅब, रक्ततपासणी आणि कुठे यायचे हे लगेच सांगू शकतो. येण्यापूर्वी कळवले, तर इतर प्रत्यारोपण रुग्णांच्या शेजारी खोकत बसण्याची वेळही येत नाही.

फोन होईपर्यंत घरातली कोणती औषधे तोंडात टाकू नयेत, हे कोणते घ्यावे यापेक्षा महत्त्वाचे आहे. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि तशा वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. टॅक्रोलिमसमुळे तो आधीच आकसलेला असतो. सर्दीच्या एकत्रित गोळ्यांमध्ये बरेचदा नाक मोकळे करणारे घटक असतात आणि ते रक्तदाब चढवतात. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी पूरके आणि वनौषधींची मिश्रणे तर टाळावीतच. ज्येष्ठमधाचे प्रमाण जास्त झाले की रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी टॅक्रोलिमसची लेव्हल पाडते. आणि जी प्रतिकारशक्ती आपण पैसे मोजून, तपासण्या करून दाबून ठेवली आहे, ती खरोखरच कशाने वाढली तर तिचा पहिला रोख मूत्रपिंडावरच असेल. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते, मात्र गोळी घेण्यापूर्वी तापमान मोजून लिहावे, नाहीतर खरा आकडा कोणालाच कळत नाही.

पाचवी पायरी: तपासणी

नाक-घशाच्या स्वॅबवर एकाच वेळी अनेक विषाणू त्यांच्या जनुकीय अंशावरून शोधणारी पीसीआर तपासणी सर्वांत उपयुक्त ठरते. घरी किंवा दवाखान्यात झटपट होणाऱ्या अँटिजेन तपासणीत विषाणू आढळला तर निष्कर्ष मानावा, पण आढळला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यासोबत क्रिएटिनिन, रक्तपेशी आणि टॅक्रोलिमसची लेव्हल पाहिली जाते. लेव्हलचा नमुना सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे आदल्या मात्रेनंतर साधारण बारा तासांनी द्यायचा असतो. गोळी घेऊन दिलेल्या नमुन्याचा आकडा फसवा येतो. धाप किंवा ऑक्सिजनमध्ये घट असेल, तर साध्या एक्स-रेवर न थांबता सीटी स्कॅन सुचवला जातो, कारण या रुग्णांमध्ये सुरुवातीचा न्यूमोनिया एक्स-रेवर सुटून जातो. स्वॅबमध्ये काही न सापडता फुप्फुसात डाग दिसले, तर दुर्बिणीने फुप्फुसातील द्रव तपासण्याचा सल्ला मिळतो. ती तपासणी ऐकायला भीतीदायक असली तरी आंधळेपणाने दिलेल्या चार औषधांपेक्षा ती बरी.

सहावी पायरी: उपचार आणि औषधांची गुंतागुंत

इन्फ्लुएंझाचा दाट संशय असेल, तर अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिवीर सुरू केले जाते. निरोगी मूत्रपिंड असलेल्या प्रौढाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस ही नेहमीची मात्रा आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३० ते ६० मिलिलिटर यांदरम्यान असेल, तर ती ३० मिलिग्रॅमवर आणली जाते आणि त्याहून कमी असल्यास आणखी घटवावी लागते. म्हणूनच घरातल्या दुसऱ्या कोणाच्या पाकिटातली गोळी घेऊ नये. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले असले, तरी प्रत्यारोपण झालेल्यांना हे औषध बहुधा दिले जाते, कारण त्यांच्यात विषाणू जास्त काळ वाढत राहतो.

कोरोनावरच्या निर्माट्रेलविर-रिटोनाविर या जोडगोळीबाबत मात्र फार सावध राहावे लागते. यातील रिटोनाविर यकृतातील जे एन्झाइम टॅक्रोलिमस मोडते तेच रोखून धरते. नेहमीच्या मात्रेत टॅक्रोलिमस चालू ठेवून ही गोळी घेतली, तर दोन-तीन दिवसांत लेव्हल कित्येक पटींनी चढू शकते. हाताला कंप सुटतो, पेला धरताना पाणी हिंदकळते, डोके दुखते, उलट्या होतात आणि क्रिएटिनिन वर जाते. हे औषध द्यायचेच झाले, तर टॅक्रोलिमस आधी थांबवून, कोर्स संपल्यावर लेव्हल पाहून ते पुन्हा सुरू करावे लागते आणि हा हिशेब प्रत्यारोपण केंद्रानेच मांडायचा असतो. शिरेतून दिल्या जाणाऱ्या रेमडेसिविरमुळे असा पेच होत नाही. सौम्य आजारात त्याचा तीन दिवसांचा कोर्स असतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारखी बुरशीविरोधी औषधेही लेव्हल वाढवतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन ती पाडते. जुलाब झाले तर शोषण कमी होऊन लेव्हल घटेल असे वाटते, पण टॅक्रोलिमसच्या बाबतीत बहुधा उलट घडते आणि ती वाढते. त्यामुळे नवे औषध लिहून देणारा डॉक्टर कोणीही असो, “मी टॅक्रोलिमस घेतो” हे वाक्य आपणहून उच्चारावे.

आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा यांवर सर्वमान्य असे खात्रीचे औषध नाही; तिथे आधार देणारे उपचार आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा कमी करणे यांवर भर असतो. साधारणपणे मायकोफिनोलेट आधी कमी किंवा बंद केले जाते, टॅक्रोलिमस जपून चालू ठेवले जाते आणि स्टेरॉइड चालूच राहते. इथे रुग्णाने स्वतःच्या अकलेने काहीही करू नये. गोळ्या आपणहून थांबवल्या तर रिजेक्शनला वाव मिळतो. आणि अनेक महिने चालू असलेले प्रेडनिसोलोन अचानक बंद केले, तर अधिवृक्क ग्रंथी गरजेपुरते संप्रेरक तयार करू शकत नसल्यामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. उलटीमुळे गोळ्या पोटात राहत नसतील, तर ते त्याच दिवशी कळवावे.

सातवी पायरी: घरी लक्ष ठेवणे

घरी राहण्यास सांगितले असेल, तर सकाळ-दुपार-रात्र तापमान, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांची नोंद ठेवावी. ऑक्सिजन बसून मोजल्यावर खोलीतल्या खोलीत दोन-तीन मिनिटे चालून पुन्हा मोजावा. बसून ठीक असलेला आकडा चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरणे ही फुप्फुसाने दिलेली पहिली सूचना असते. बोटे गार असतील किंवा नखांना रंग लावलेला असेल, तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. त्यामुळे आकडा चांगला असूनही धाप जाणवत असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा.

पाण्याकडे लक्ष द्यावे. ताप, उलट्या आणि कमी झालेले पिणे यांनी शरीर कोरडे पडले की क्रिएटिनिन झपाट्याने वाढते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन चालू असेल, तर आजारपणाच्या दिवसांत ती चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच फोनमध्ये विचारून घ्यावे.

बसून मोजलेला ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे, एक वाक्य पूर्ण बोलताना दम लागणे, छातीत दुखणे, गुंगी किंवा बरळणे, लघवी जवळजवळ बंद होणे, ओठ निळसर दिसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि वर सांगितलेला कागद सोबत न्यावा. दोन-तीन दिवस बरे वाटून पुन्हा ताप चढला, तर तो नवा संसर्ग, बहुधा जिवाणूंचा, असू शकतो. त्या वेळी पायऱ्या पुन्हा पहिल्या फोनपासून सुरू कराव्यात.

आठवी पायरी: बरे वाटल्यानंतर

खोकला थांबला की प्रकरण संपले, असे या रुग्णांबाबत म्हणता येत नाही. विषाणू आणखी काही आठवडे बाहेर पडत राहू शकतो, म्हणून नुकतेच प्रत्यारोपण झालेल्या दुसऱ्या कोणाला भेटायला जाणे पुढे ढकलावे आणि मास्क कधी काढायचा हे विचारून ठरवावे. आजारात औषधे कमी केलेली असतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा चाळवलेली असते, त्यामुळे पुढील काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि लेव्हल पुन्हा तपासून घ्याव्या लागतात. कसलाही त्रास नसताना केवळ क्रिएटिनिन वाढणे हेच रिजेक्शनचे पहिले चिन्ह असू शकते. थांबवलेले मायकोफिनोलेट पुन्हा कोणत्या तारखेला आणि किती मात्रेत सुरू करायचे, याची तोंडी आठवण कोणावर सोपवू नये. रुग्णालयातून निघण्यापूर्वी ती तारीख औषधचिठ्ठीवर लिहून घ्यावी, आणि लिहिलेली नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.